चौथ्या मजल्याचं कर्ज

धारवालीच्या हातून तेवीस वर्षांत एकच कात्री बिघडली. ती बिघडली त्या दिवसाच्या आगेमागे जे घडलं, त्याची ही गोष्ट.

बाजाराच्या मागच्या गल्लीत, कुलूपवाला आणि न्हावी यांच्या मधोमध तिचा गाळा. दोन्ही हात पसरले की रुंदी संपते. दाराशी दगडी चाक, चाकाच्या वर टांगलेला पत्र्याचा डबा, डब्याच्या बुडाला खिळ्याने पाडलेलं भोक. भोकातून थेंब पडत राहतो, चाक फिरत राहतं, पातं टेकतं. मागे पडदा. पडद्यामागे खाट, शेगडी आणि एक खिडकी, जिच्यातून समोरच्या भिंतीखेरीज काही दिसत नाही. चाक वडिलांचं, पायाने चालवायचं. विजेचं घे, असं तिला सगळ्यांनी सांगून झालं होतं. ती म्हणायची, "विजेला कुठे थांबायचं ते कळत नाही."

बोलणं तिचं बेताचंच. गिऱ्हाईक हत्यार पुढे करायचं, ती ते उजेडाकडे धरून एक डोळा मिटायची आणि म्हणायची, "परवा." किंवा, "थांबा." शिंप्याची कात्री झाली की पातळ कागद पाण्यात भिजवून कापून बघायची. ओला कागद न ओढता कापला गेला, तरच कात्री परत जायची. न्हावी नव्या गिऱ्हाइकाला बजावायचा, "हिच्याशी घासाघीस करू नका. अख्ख्या गल्लीची हत्यारं हिच्या ताब्यात आहेत."

गाळा मात्र भाड्याचा होता. त्या वर्षी म्हाताऱ्या मालकाने परगावी मुलीकडे कायमचं राहायला जायचं ठरवलं. तो स्वतः येऊन स्टुलावर बसला.

"तुझ्या बापाने इथे चाक मांडलं तेव्हा माझे केस काळे होते," तो म्हणाला. "पहिला हक्क तुझा. दोन महिने थांबतो. पुढे माझा नाइलाज आहे, मोबाइलवाला रोख घेऊन उभाच आहे."

तिने साठवलेलं होतं त्यात निम्मा गाळा येत होता. उरलेल्यासाठी ती बँकेत गेली. कर्जखात्यातल्या बाईने नाव घातलं, जन्मतारीख घातली, पडद्याकडे पाहिलं आणि पेनाचं टोपण चावायला लागली.

"तुमचं होणार नाही."

"का?"

"स्कोअर फार खाली आहे. आधीचं कर्ज बुडवलंय तुम्ही."

"मी आयुष्यात कर्ज घेतलेलं नाही."

"सगळे असंच म्हणतात, मावशी."

ती चव्वेचाळीस वर्षांची होती आणि ती बाई फार तर अडतीसची. परत येताना तिला बुडवल्याच्या आरोपाइतकंच ते 'मावशी' टोचत राहिलं.

गल्लीत एक खरीखुरी मावशी यायची. तगादा मावशी. तीस वर्षं एका कर्ज कंपनीत बसून तिने हप्ते चुकवणाऱ्यांना फोन केले होते. आता निवृत्त होऊन गच्चीत गुलाब वाढवायची आणि फांद्या छाटायची कात्री महिन्यातून एकदा धारेला आणायची. आवाज मात्र अजून नोकरीत होता. नुसतं "काय गं" म्हटलं तरी ऐकणाऱ्याला आपण काहीतरी चुकवलंय असं वाटायचं.

"काय गं, तोंड का उतरलंय?"

"बँकेने नाही म्हटलं. म्हणे, मी बुडवलंय."

"बुडवलंस?"

"नाही."

मावशीने तिच्याकडे पाहिलं नाही, कान दिला. तीस वर्षं खरं-खोटं आवाजावरून ओळखण्यात गेली होती. "मग आपला रिपोर्ट मागव," ती म्हणाली.

"कसला?"

"मोठ्या माणसांचं प्रगतिपुस्तक असतं ते. कुणाकडून किती घेतलं, कधी फेडलं, कुठे चुकवलं. गंमत बघ, तुझं प्रगतिपुस्तक साऱ्या बँका वाचतात आणि तुलाच पत्ता नसतो."

"मला दाखवतील?"

"दाखवावंच लागतं. वर्षातून एकदा फुकट. आणि बँकेने नकार दिला तर कुठल्या पतमाहिती कंपनीचा रिपोर्ट बघून दिला, हे तिने सांगायलाच हवं. विनंत्या करायच्या नाहीत. जायचं, लेखी मागायचं आणि हातात पडेपर्यंत खुर्ची सोडायची नाही."

दुसऱ्या दिवशी ती खुर्चीत जाऊन बसली. पिशवीत खानावळीचे सात सुरे होते. ते पोचवायला जातानाच वाटेत ती बँकेत शिरली होती. कर्जखात्यातली बाई आधी म्हणाली, असं काही देत नाही. मग म्हणाली, साहेब नाहीत. मग शिपायाने वाकून पिशवीत डोकावलं, सात मुठी मोजल्या आणि आत जाऊन काहीतरी कुजबुजला. दीड तासाने सही-शिक्क्याची चिठ्ठी मिळाली.

पाचव्या दिवशी मावशीच्या मोबाइलवर रिपोर्ट आला. समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे त्याची चार पानं छापून निघाली. चव्वेचाळीस वर्षांचा जीव आणि चार पानं, त्यातलं दीड पान कोरं. नाव बरोबर. जन्मतारीख बरोबर. खाली एकच खातं: घरगुती वस्तूंसाठी कर्ज. अकरा हप्ते वेळेवर. पुढे थकीत, थकीत, थकीत, आणि शेवटच्या चौकोनात, 'बुडीत'.

"फोन नंबर तुझा?"

"नाही."

"पत्ता?"

धारवालीने पत्ता वाचला. रस्त्याचं नाव वाचलं, घराचा क्रमांक वाचला, आणि त्यापुढच्या दोन शब्दांवर तिचं बोट थांबलं. चौथा मजला.

"ओळखीचा आहे?" मावशीने विचारलं.

"आमचं घर आहे. दादा राहतो तिथे."

"मग चौथ्या मजल्यावर जाऊन विचार त्याला."

"त्या घराला चौथा मजला नाहीये," ती म्हणाली.

ते घर तीन मजल्यांचं होतं. पण तळमजला आणि पहिला मजला यांच्यामध्ये एक पोटमाळा होता, कागद ठेवायला बांधलेला, वाकून उभं राहावं लागेल इतका ठेंगणा. वडिलांनी लग्नानंतरची पहिली चार वर्षं तिथे भाड्याने काढली होती. दादा तिथेच जन्मला. पुढे वरचं घर घेतलं तेव्हा वडिलांनी मोजणी बदलली नाही. "जिथे संसार मांडला तो मजला मोजायचा नाही होय?" ते विचारायचे. म्हणून अख्ख्या जगाला जो तिसरा मजला होता तो त्यांच्या घरात चौथा होता. सरकारी कागदांवर तिसरा. ओळखपत्रावर तिसरा. पण घरातल्या माणसाने स्वतःच्या हाताने लिहिलं तर चौथा. बाहेरच्या कुणालाही ही चूक सुचणं शक्य नव्हतं.

वडील गेले त्याला पाच वर्षं झाली होती. तेव्हा भावंडांनी न भांडता वाटणी केली होती. घर दादाला, चाक तिला. दादा म्हणाला होता, "चिमे, ओळखपत्राच्या प्रती दे, दोन सह्या दे, घर माझ्या नावावर करायचंय." तिने प्रती दिल्या, सह्या केल्या आणि एक पिशवी घेऊन गाळ्यात राहायला आली. कर्ज त्यानंतर सहा महिन्यांनी घेतलेलं होतं.

ती चार पानं तिने घडी करून खाटेखालच्या पेटीत ठेवली आणि कामाला बसली. समोर न्हाव्याची कात्री होती, चांगल्या पोलादाची, त्याच्या धंद्यातली सगळ्यात महागडी. तिने पायाने चाक फिरवायला घेतलं. दादाच्या घरातला सोफा तिच्या डोळ्यांपुढे आला. गर्द हिरवा, पाठीला बटणं लावलेला, कंपनीच्या शोरूममधला. तो घरात आला तेव्हा वहिनी म्हणाल्या होत्या, "बसा की वन्सं, संकोच कसला? घरचाच आहे." ती गेल्या चार वर्षांत किती वेळा त्याच्यावर बसली होती. स्वतःच्या कर्जावर. काठावर, अवघडून, कपड्यांची धूळ त्याला लागू नये म्हणून.

तिला जळका वास आला तेव्हा उशीर झाला होता. डब्यातलं पाणी संपलं होतं, थेंब थांबला होता, आणि तिचा पाय मात्र थांबला नव्हता. कात्रीच्या टोकाशी निळी झाक चढली होती. पोलाद कणखर करायला कारखान्यात त्याला जे पाणी दिलेलं असतं ते असं उतरतं. मग त्या पात्याला कितीही घासा, धार संध्याकाळपर्यंतही टिकत नाही.

तिने कात्रीची किंमत न्हाव्याच्या हातात ठेवली. तो घेईना. तिने त्याच्या आरशासमोर ठेवली आणि निळी कात्री आणून आपल्या भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली. डबा भरला. राग कमी झाला नव्हता. पण इथून पुढे तो थेंबाथेंबाने वापरायचा, हे तिच्या लक्षात आलं होतं.

रविवारी ती दादाकडे गेली. जिने मोजत.

"अगं चिमे! ये, ये. वाट चुकलीस की काय?" दादाने दार उघडलं. तो एका विमा कार्यालयात हिशेब बघायचा, सुटीच्या दिवशीही इस्त्रीचा सदरा घालायचा. वहिनी चहाला आत गेल्या.

धारवाली सोफ्यावर बसली. या वेळी काठावर नाही. मागे रेलून, दोन्ही हात पसरून.

"सोफा चांगला टिकलाय."

"टिकायलाच हवा. काय पैसे मोजलेत!"

"कुणी?"

दादा हसला, मग हसायचा थांबला. तिने चार पानं त्याच्यासमोर उलगडली. आतून चमच्याचा आवाज येत होता, तोही बंद झाला.

"हे काहीतरी घोटाळ्याने झालेलं दिसतंय," तो म्हणाला. "अशा कंपन्या काय वाटेल ते—"

"चौथा मजला, दादा."

त्याने पत्ता वाचला. पुन्हा वाचला. इस्त्रीच्या सदऱ्याची बाही तो उगीचच खाली ओढत राहिला.

"तेव्हा माझंच कर्ज चालू होतं," शेवटी तो म्हणाला. "मला कुणी दुसरं देईना. तुझं नाव कोरं होतं. पडूनच होतं ना ते? तू काही ते वापरणार नव्हतीस."

नाव पडून होतं. माळ्यावरच्या जुन्या भांड्यासारखं.

"आणि अकरा हप्ते भरलेच की मी! नंतर जमलं नाही. तुला त्रास होईल असं वाटलं असतं तर..." तो पुढे सरकला. "हे बघ, घरातली गोष्ट घरात मिटवू. मी कंपनीशी बोलतो. निम्म्या रकमेत तडजोड करतात ते. तेवढे मी भरतो, एका पैशाची तोशीस तुला नाही. तू फक्त एक सही द्यायचीस, की कर्ज तुझं आहे आणि तडजोड मान्य आहे."

"मागची सही घराची होती," ती म्हणाली.

"चिमे—"

"आणि आता चिमी नको म्हणूस. तुझ्या कागदावर माझं पूर्ण नाव आहे."

चहा घेऊन वहिनी बाहेर आल्या तेव्हा ती जिन्यात होती.

"तडजोड?" मावशी स्टुलावर बसून हसली. "हुशार आहे हो तुझा भाऊ. तडजोड केली की रिपोर्टवर 'तडजोडीने मिटवलं' असा शेरा बसतो. तो वर्षानुवर्षं जात नाही. आणि बँक तो वाचते कसा ठाऊक आहे? हिने पूर्ण फेडलं नव्हतं. शिवाय कर्ज तुझं होतं हे तुझ्याच सहीने कबूल. तुला ते फेडून नकोय, बाई. ते तुझं कधी नव्हतंच, असं लिहून हवंय."

"ते कोण लिहील?"

"आपण तक्रार करायची. ती आली की पतमाहिती कंपनीला तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ती कर्ज देणाऱ्याला विचारते, दाखवा, हिनेच घेतलं कशावरून? त्याला दाखवता आलं नाही तर नोंद काढावी लागते."

"आणि मग ते कर्ज कुणाचं, हे कोण शोधेल?"

"ज्याचे पैसे गेलेत तो. त्यात तो तरबेज असतो."

तेव्हा धारवाली हसली. कित्येक दिवसांत पहिल्यांदा. मावशीला ते हसू फारसं आवडलं नाही.

"भाऊ आहे तुझा," ती म्हणाली. "शपथपत्र द्यावं लागेल. त्याची नोकरी हिशेबाची, तिथे हे कळणार. एकदा सुरू झालं की मधेच थांबवता येत नाही."

"विजेच्या चाकासारखं?"

"तसंच."

"चालेल," ती म्हणाली.

तक्रारीच्या अर्जात 'आपले म्हणणे' असा एक चौकोन होता. तिने पहिल्यांदा लिहिलं तेव्हा त्यात घर आलं, वडील आले, पोटमाळा आला, सोफ्याची बटणंसुद्धा आली. मावशीने पेनाने उभी रेघ मारली. "राग वाचण्याचा पगार तिथे कुणी घेत नाही." दुसरा मजकूरही रेघेखाली गेला. तिसऱ्या वेळी चार वाक्यं उरली: हे कर्ज मी घेतलेलं नाही. अर्जावरची सही माझी नाही. दिलेल्या पत्त्यावर मी त्या वेळी राहत नव्हते. मूळ अर्जाची प्रत मला द्यावी. तिने कागद उजेडाकडे धरून एक डोळा मिटला. आता कापत होता.

तक्रार गेली त्या दिवशी मालकाने दिलेल्या मुदतीतले बेचाळीस दिवस उरले होते. तीस उत्तराचे, उरलेले बँकेचे. दिवस एकाला एक लागून शिवलेले होते, मध्ये उसवायला जागा नव्हती. ती रोज सकाळी चाकाच्या चौकटीवर खडूने रेघ ओढायची. मोबाइलवाला दोनदा येऊन गाळ्याची लांबी पट्टीने मोजून गेला. दुसऱ्या वेळी तिने त्याला पट्टीचं दुसरं टोक धरून दिलं. "नीट मोजा," ती म्हणाली. "नंतर सांगायला येऊ नका."

बाराव्या दिवशी कर्ज देणाऱ्या कंपनीकडून अर्जाची प्रत आली. सही तिचीच वाटत होती. घराच्या कागदावरून गिरवलेली, पण जिथे तिचा हात झटकन वळतो तिथे ही सही थांबून वळली होती. बाकी मजकूर दादाच्या अक्षरात होता, ते डावीकडे झुकणारं, हिशेबाच्या वहीसारखं अक्षर. सोबत पत्र होतं: माल दिलेल्या पत्त्यावर पोचला आहे. तो अर्जदाराच्या वापरात नसल्यास तसा पुरावा द्यावा. मजकूर दुसऱ्याच्या हातचा असल्यास त्या व्यक्तीच्या अक्षराचा नमुना द्यावा.

"दादाच्या अक्षराचं काही आहे तुझ्याकडे?" मावशीने विचारलं.

तिने खाटेखालची पेटी उलथीपालथी केली. वडिलांची पावतीपुस्तकं निघाली, दादाचं एक ओळही नाही. त्याने तिला कधी पत्र लिहिलं नव्हतं.

एकोणिसाव्या दिवशी, भर दुपारी, गल्लीत एक टेम्पो उलटा शिरला. मागच्या फळीवर, दोरांनी आवळलेला, गर्द हिरवा सोफा.

"ताई, तुमच्यासाठी," टेम्पोवाला म्हणाला. "तुमच्या भावाने पाठवलाय. म्हणाले, बहिणीची वस्तू बहिणीला."

न्हावी वस्तरा हातात घेऊन बाहेर आला. कुलूपवाला बाहेर आला. सोफा गाळ्यासमोर उतरवला तेव्हा त्याने अर्धी गल्ली अडवली.

कितीतरी रात्री तिने हाच सोफा मनातल्या मनात फाडला होता. आता तो उन्हात, तिच्या दाराशी, तिच्या हातभर अंतरावर होता. खानावळीचा सगळ्यात लांब सुरा नुकताच चाकावरून उतरला होता, अजून ओला होता. तिने तो उचलला. पाठीच्या पहिल्या बटणावर टोक ठेवलं. इतकी धार होती की नुसतं वजन सोडलं असतं तरी कापड उघडलं असतं. टेम्पोवाल्याबरोबर आलेल्या हमालाने घाबरून मागे पाऊल घेतलं.

"आधी सही करा, मग काय करायचं ते करा," टेम्पोवाल्याने घाईघाईने पावती पुढे केली. "माल मिळाला म्हणून. इथे, तुमच्या नावापुढे."

पुन्हा एक सही. तिने सुरा तसाच ठेवून पावतीकडे पाहिलं. 'एक सोफा. मूळ मालकाला परत. मिळाला.' खाली तिचं पूर्ण नाव, दादाने या वेळी अगदी पूर्ण लिहिलेलं. ही सही दिली की माल तिचा. माल तिचा झाला की कर्जही तिचं. टोक घुसलं असतं तरी तेच, परक्याचा सोफा कोण फाडतं?

मग तिची नजर वरच्या ओळीवर गेली. पाठवणाऱ्याचा पत्ता. डावीकडे झुकणाऱ्या अक्षरात, रस्ता, घराचा क्रमांक, चौथा मजला.

तिने सुरा उचलून पदराला पुसला.

"मला नको. परत न्या."

"अहो ताई, परत न्यायचं भाडं कोण देणार?"

"ज्याने पाठवला तो. पण आधी पावतीवर लिहा, घेतला नाही. वेळ घाला. तुमची सही करा."

टेम्पोवाल्याने सुऱ्याकडे पाहून लिहिलं. न्हाव्याने साबणाच्या हातानेच साक्षीदार म्हणून सही ठोकली आणि विचारलं, "खाली धंदा पण लिहू का?" तिने पावतीच्या तीन प्रती काढून घेतल्या आणि मगच टेम्पो सोडला. तो गल्लीबाहेर वळेपर्यंत ती बघत होती. मग तिने कर्जाच्या अर्जाची प्रत आणि पावती शेजारीशेजारी ठेवली. तेच अक्षर, तोच मजला. सोफा फाडून जे मिळालं असतं त्यापेक्षा हे किती तरी खोल जाणार होतं.

संध्याकाळच्या टपालाने एक प्रत पतमाहिती कंपनीकडे गेली, एक कर्ज देणाऱ्याकडे.

चोविसाव्या दिवशी वहिनी आल्या. हातात कापडात गुंडाळलेले स्वयंपाकघरातले चार सुरे. त्या गाळ्यात पहिल्यांदाच येत होत्या.

"वन्सं, यांना धार लावून हवी होती."

"बसा."

स्टुलावर बसून वहिनी चाकाकडे बघत राहिल्या. "यांच्या ऑफिसात चौकशीचं पत्र आलंय," त्या म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात बढती होती. तुम्ही तेवढं मागे घेतलंत तर... चुकलं त्यांचं. पण सख्खा भाऊ आहे हो."

धारवालीने पहिला सुरा चाकावर टेकवला. "तुम्हाला माहीत होतं?"

"सोफा मीच पसंत केला होता."

"ते नाही विचारलं."

वहिनी मांडीवरच्या कापडाला घड्या घालत राहिल्या. थेंब पडत होता. "वसुलीवाले फोन करायचे, तुमचं नाव घेऊन," शेवटी त्या म्हणाल्या. "मी सांगायचे, त्या इथे राहत नाहीत."

"खरं तेच सांगितलंत की."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. धारवालीने चारही सुऱ्यांना धार लावली, घाई न करता, एकेकाला पुरेसं पाणी देत. ओला कागद कापून पाहिला. सुरे पुन्हा त्याच कापडात गुंडाळले आणि मजुरी सांगितली.

"घरच्यांकडूनही घेता?" वहिनींच्या तोंडून निघून गेलं.

"घरच्यांकडून आधी."

वहिनींनी पैसे मोजून दिले. धारवालीने पावती फाडून दिली, तारखेसकट.

अठ्ठाविसाव्या दिवशी उत्तर आलं. नोंद काढून टाकण्यात येत आहे. सोबत सुधारलेला रिपोर्ट, आता दोनच पानांचा. ती तो घेऊन बँकेत गेली. कर्जखात्यातल्या बाईने टोपण तोंडात न घालता वाचला.

"आता तुमच्या नावावर काहीच नाही," ती म्हणाली. "ना चांगलं, ना वाईट. असं असलं की आम्ही जरा कचरतो."

"मी बसते," धारवाली म्हणाली आणि पिशवी मांडीवर घेतली.

"नाही, नाही. म्हणजे निम्मी रक्कम तुमची आहे, गाळा तारण आहे... होईल, ताई. आठवड्याने या."

मुदतीला चार दिवस उरले असताना गाळा तिच्या नावावर झाला. मालकाने किल्ली दिली आणि म्हणाला, "भाऊ आला नाही?" ती म्हणाली, "कामात आहे."

तो होताच कामात. कंपनीने पोलिसांत जाण्यापेक्षा वसुली पसंत केली. सारं कर्ज, चार वर्षांच्या व्याजासकट, दादाच्या नावावर चढलं आणि दर महिन्याला पगारातून कापलं जाऊ लागलं. बढती त्याच्या हाताखालच्याला मिळाली. सोफा त्यांनी विकायला काढला. टेम्पोतून दोनदा फिरल्यामुळे त्याचा एक पाय ढिला झाला होता, म्हणून भाव आला नाही. हे सगळं धारवालीला वहिनींच्या शेजारणीकडून कळलं. तिने पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. ढिला पाय कुठला, डावा की उजवा, हेसुद्धा.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. निळी कात्री अजून खिळ्यावर आहे. चाक अजून पायानेच चालतं. दादा अजून बोलत नाही, आणि तिनेही त्याच्या दाराची कडी वाजवलेली नाही. फक्त वर्षातून एकदा, दादाच्या वाढदिवसाच्या आठ दिवस आधी, ती आपला फुकटचा रिपोर्ट मागवते. तो ओळीओळीने वाचते. गाळ्याच्या कर्जाचा प्रत्येक हप्ता वेळेवर. मग त्याची एक प्रत काढून पाकिटात घालते आणि वाढदिवसाला पोचेल अशा बेताने दादाला पाठवते. आत चिठ्ठी नसते.

"किती वर्षं चालवणार आहेस हे?" मावशीने यंदा विचारलं. "त्याच्या नावावरचा डागसुद्धा कधीतरी पुसला जाईल."

"त्याचा जाईल तेव्हा बघू," ती म्हणाली. "रिपोर्ट मला फुकट मिळतो."

यंदा टपालवाला नवीन होता. संध्याकाळी तो पाकीट घेऊन गाळ्यात परत आला, घामाघूम. पाठवणाऱ्याचा पत्ता बघून आला होता.

"बाई, पत्ता चुकलाय. सगळे जिने चढून गच्चीपर्यंत जाऊन आलो. प्रत्येक दारात विचारलं. त्या घराला चौथा मजला नाहीये."

"प्रत्येक दारात विचारलंत?"

"तर काय! सगळे बाहेर येऊन बघत होते."

"तिसऱ्यावर काय म्हणाले?"

"म्हणाले, आमचं नाही."

धारवालीने पाकीट हातात घेतलं, उजेडाकडे धरलं, एक डोळा मिटला आणि त्याला परत दिलं.

"त्यांचंच आहे," ती म्हणाली. "उद्या पुन्हा जा. खालपासून विचारत जा."